तीन पट्ट्या खाली

(माझगावचा कोळीवाडा. दुपारचे साडेचार. मांडवात नवरी मानसीची हळद खोळंबली आहे; तिचा भाऊ प्रितेश बाहेर धावपळ करतो आहे. मांडवामागच्या खोलीत लग्नाचे धवले गाणारी रखमा आणि तिची नात प्रिया. प्रियाच्या हातात उकुलेले, चार तारांची छोटी गिटार; रखमा तिला 'बारकी' म्हणते.)

रखमा: दार लाव. कडी पन घाल.

प्रिया: आजी, आधी पाणी पी.

रखमा: पान्याचं निमित्त बाहेर सांगून आले. तुझ्यापुढं कशाला निमित्त करू? शेवटची तार वाजव.

प्रिया: आत्ता?

रखमा: आत्ता. ... परत वाजव. ... ही रोजची हाय?

प्रिया: नाही.

रखमा: काल सकाली चहाच्या आधी वाजवलीस, ती ही?

प्रिया: नाही आजी. ही वर आहे.

रखमा: म्हंजे माझे कान शाबूत हायत. मांडवात पहिल्या फटक्यालाच मना वाटलं, तुझी बारकी आज चढून बसली. पहिलं कडवं कसंतरी ओढलं. दुसऱ्यात जिथं वर जायचं तिथं गेले, तर पुढं वाटच नाय. आवाज फाटला माझा. देवांना बोलवायचा धवला, आनि देवाच्या नावावर फाटला.

प्रिया: मलाही पहिल्याच कॉर्डला कळलं. पण तोवर तू गायला लागली होतीस.

रखमा: मग वाजवनं थांबवायचं.

प्रिया: तू थांबली नाहीस म्हणून मी थांबले नाही. मला वाटलं, तू नेशील ओढून.

रखमा: शांतानं कधी सांगितलं तुला?

प्रिया: काय?

रखमा: तार चढवायला.

प्रिया: आजी! शांताकाकीचा काय संबंध?

रखमा: दोन वर्सं मागं लागलीय ती. 'रखमाताय, आता गला सांभाला, आता बसा.' आज नवं पातल नेसून पुढं बसलीय, बघितलंस ना? माझा आवाज फाटला तशी कशी ताठ झाली. म्हातारी अडकली की हिनं धवला उचलायचा. तार चढवायला घरचाच हात लागतो गो. बाहेरच्याला काय समजनार माझा गला कुठं संपतो ते?

प्रिया: तू माझ्यावर संशय घेतेस?

रखमा: बारकी कोनाच्या हातात हाय?

प्रिया: माझ्या. पण मी चढवली नाही. देवाशपथ नाही. असं कोण करतं?

रखमा: करतात.

प्रिया: कोण?

रखमा: करतात बोलले ना! मना शिकवू नको.

प्रितेश: आजी! प्रिया! उघडा ना यार दार.

प्रिया: थांब प्रितेश, पाच मिनिटं.

प्रितेश: पाच मिनिटं करत करत पंधरा झाली. मानसी पाटावर बसून रडायला आलीय. उघड.

रखमा: उघड त्याला. सगल्या वाड्यानं बघितलं, ह्यानं काय घोडं मारलंय.

प्रितेश: आजी, बरं वाटतंय ना तुला? बाहेर फुल सीन झालाय. पप्पा सारखे घड्याळ बघतायत. हळद वाटून तयार, सवाशिणी तयार, पण पहिला धवला पुरा झाल्याशिवाय बोट लावायचं नाही म्हणून सगळ्या नुसत्या उभ्या.

प्रिया: प्रितेश, माझ्या उकुलेलेला कोणी हात लावला?

प्रितेश: मी. का?

प्रिया: तू?

प्रितेश: अगं तू जेवायला गेलीस ना, तेव्हा ते खुर्चीत पडलेलं. मला साउंड चेक करायचा होता. सहज ट्यूनरचं ॲप लावलं तर चारही तारा लाल. म्हटलं, ही बिचारी सकाळपासून तोरणं लावतेय, विसरली असेल. दिल्या लावून. चारही हिरव्या. एकदम परफेक्ट. मी शाळेत गिटार शिकलोय, तेवढं येतं मला.

प्रिया: तुला विचारता नाही आलं?

प्रितेश: चिडतेस काय? थँक्स बोल. तसंच वाजवलं असतंस तर व्हिडिओत आउट ऑफ ट्यून आलं असतं सगळं.

रखमा: प्रितेश, लाल म्हंजे काय रे बाला?

प्रितेश: लाल म्हणजे चुकीच्या जागेवर. उतरलेल्या.

रखमा: किती उतरलेल्या?

प्रिया: आजी, सोड ना, मी आत्ता नीट करते. प्रितेश, तू बाहेर जा, आम्ही आलोच.

रखमा: तो कुठं जात नाय. किती उतरलेल्या?

प्रितेश: तीन पट्ट्या. पेटीवर मोजायच्या ना काळ्या-पांढऱ्या, तशा तीन.

रखमा: शेवटची तार?

प्रितेश: चारही. सगळ्या बरोब्बर तीन तीन खाली. म्हटलं हवेमुळे असेल.

रखमा: हवेनं.

प्रितेश: होतं ना असं, उन्हाळ्यात.

रखमा: चार बोंबील वलांडीवर टाकले तर चारी एका घटकेला सुकत नाय. आनि ह्या चार तारा हवेनं मोजून मापून तीन तीन पट्ट्या खाली गेल्या. प्रिया, इकडं बघ.

प्रिया: बघतेय.

रखमा: खाली बघतेस. तोंडाकडं बघ माझ्या. कधीपासून?

प्रिया: आजी, बाहेर लोक...

रखमा: लोक बसतील. कधीपासून?

प्रिया: तुझ्या ऑपरेशनपासून.

रखमा: गल्यातली गाठ काढली तेव्हापासून? त्याला दीड वर्स झालं.

प्रिया: घरी आल्यावर महिन्याने तू पहिल्यांदा म्हणालीस, शेवटची तार वाजव, बघू माझी जागा कुठे आहे. आठवतं? मी वाजवली. तुला तिथपर्यंत येता येईना. तू तीनदा बघितलंस. मग काही न बोलता मासळीची टोपली धुवायला बसलीस. धुतलेली टोपली परत धुतलीस.

रखमा: आठवतं.

प्रिया: दुसऱ्या दिवशी तू उठायच्या आधी मी एक पट्टी उतरवली. चारही तारा. चारही सारख्या उतरवल्या की माझी बोटं त्याच जागी पडतात, गाणंही तेच वाटतं, फक्त सगळं एक पायरी खाली येतं. तू उठलीस, म्हणालीस वाजव. वाजवली. तू पोचलीस. आणि तू...

रखमा: हसले.

प्रिया: शेजाऱ्यांना हाका मारून सांगितलंस, आला माझा आवाज परत.

रखमा: एक पट्टी. मग तीन कशा झाल्या?

प्रिया: गणपतीनंतर तुला तेही जड जायला लागलं. दुसरी उतरवली. मग दिवाळीच्या आत तिसरी. पण तारा सैल पडल्या. नुसतं बोट लावलं की भर्र करायच्या. तुला कळेल म्हणून दादरहून जाड तारा आणल्या. ह्या वाद्याची सगळ्यात वरची तार एरवी बारीक असते, चिमणीसारखी मध्येच वर चिवचिवते. तीसुद्धा काढून जाड लावली.

रखमा: म्हनून दिवालीपासून बारकी घागरीत तोंड घालून बोलते! मी विचारलं व्हतं तुला.

प्रिया: विचारलं होतंस. मी म्हणाले, नवीन तारा अशाच वाजतात.

प्रितेश: एक मिनिट. म्हणजे ते मुद्दाम होतं? अरे यार. सॉरी आजी, मला खरंच...

रखमा: तू गप. डॉक्टर काय बोलला व्हता? खरं सांग. मना सांगितलंस तीन महिन्यांत आवाज पहिल्यासारखा होईल.

प्रिया: तसं नव्हते म्हणाले.

रखमा: मग?

प्रिया: मला आत बोलावून सांगितलं. आवाज राहील, बोलणं-गाणं सगळं होईल. पण वरचे सूर परत येतीलच असं नाही. वय पण आहे, म्हणाले. आशा लावून ठेवू नका.

रखमा: कोनाकोनाला माहीत हाय?

प्रिया: मला एकटीला. बाबांनाही सांगितलं नाही.

रखमा: म्हंजे त्यानंतर सहा हलदी केल्या मी. वरलीला दोन, शीवला दोन, इथली दोन घरं. सगले बोलले, रखमाचा गला अजून तसाच. मी पन पदर खोचून सांगत फिरले, ऑपरेशन झालं तरी एक पट्टी हलली नाय. आनि तू बाजूला बसून ऐकत व्हतीस.

प्रिया: ऐकत होते. वाईट वाटायचं. पण छानही वाटायचं.

रखमा: चालीस वर्सं मासली विकली मी. भाऊच्या धक्क्यावर पहाटे पाटी भरायची, दिवसभर बाजारात बसायची. बाजूच्या बायका काट्याखाली मेन लावायच्या, लोहचुंबक लावायच्या. मी कधी काटा मारला नाय. तुझा आजा दारू पिऊन पडला व्हता, घरात तांदूल नव्हता, तेव्हा पन नाय मारला. आनि तू माझ्या घरात, माझ्या गल्याला काटा मारलास?

प्रिया: मारला. पण तुझ्याच बाजूने मारला ना?

रखमा: गिऱ्हाइकाला जास्त गेलं तरी काटा खोटाच असतो.

प्रिया: मग काय करायचं होतं मी? तूच सांग! रोज सकाळी चहा टाकायच्या आधी तुझं एकच, वाजव शेवटची तार. चूळ भरायच्या आधी. मी काय सांगायला हवं होतं? आजी, तुझा गळा गेला, चहा घे?

प्रितेश: प्रिया, हळू बोल. बाहेर ऐकू जातं.

प्रिया: जाऊ दे! मला पण कंटाळा आलाय. दर शनिवारी दादरला आमचा ग्रुप वाजवतो. तिथे सगळ्यांच्या तारा नेहमीच्या जागेवर, फक्त माझ्या खाली. तिथे गेले की आधी चढवायच्या, घरी आले की तू झोपल्यावर चादरीत घेऊन उतरवायच्या. चारदा तुटल्या. एकदा इथे हनुवटीवर लागली, तुला सांगितलं कपाटाचं दार लागलं. मला मजा येत होती का यात?

रखमा: मी सांगितलं व्हतं करायला?

प्रिया: नाही. तू हसायचीस. तेच सांगणं होतं माझ्यासाठी.

प्रितेश: ऐका ना. भांडण नंतर करा, मी पण येतो मार खायला, चूक माझी आहे. पण आत्ताचं बघा. माझ्याकडे एक आयडिया आहे. करोनात तुमचा दोघींचा तो व्हिडिओ केलेला ना, सगळ्या कोळीवाड्यांत फिरला होता? त्यात हाच धवला आहे, अख्खा. तो मोठ्या स्पीकरवर लावतो. आजी, तू फक्त माइकसमोर बस, ओठ हलव. झाकली मूठ राहील. कोणाच्या बापाला कळणार नाही.

प्रिया: वेडा आहेस का तू?

रखमा: लाव.

प्रिया: आजी?

रखमा: फोनवर लाव. मना ऐकायचाय.

प्रितेश: हे बघ. थांब हं, आवाज वाढवतो. ... हां. इथे. आता बघ कशी वर जातेस. ... कसला क्लीन आहे ना?

रखमा: चांगली गाते.

प्रिया: आजी...

रखमा: बंद कर. मानूस गेल्यावर फोटोला हार घालून असं लावतात. मी अजून बसलीय ना इथं? मना वरच्या पट्टीतला मुडदा करून मांडवात नको बसवूस.

प्रितेश: बरं, बरं. मग दुसरा ऑप्शन तुला नाही आवडणार.

रखमा: शांता.

प्रितेश: ती म्हणते, ताईंना आराम करू दे, मी धरते पुढचा. पप्पा पण तयार झालेत. मी सांगितलं, आजीला विचारून येतो.

रखमा: कुठल्या पट्टीत धरेल?

प्रितेश: मला काय माहीत? वरच. ती जाम वर गाते.

रखमा: वरच धरेल. मी बाहेर येऊन बाजूला बसेन, मान म्हनून मना पन सोबत घेईल, आनि वर धरेल. म्हंजे मी आपोआप गप होईन. कोनी काय बोलनार नाय. मी पन असंच केलं व्हतं.

प्रिया: काय केलं होतंस?

रखमा: तुझ्या पनजीला. आनंदीबायला.

प्रिया: पण पणजीनं तर स्वतः तुझ्या ओटीत नारळ घालून मान दिला होता. तूच सांगतेस दर वेळी. कुशाबाकाकांच्या हळदीत.

रखमा: नारल घातला, ते खरं. का घातला ते सांगितलं नाय कधी. तिचा गला जाड झाला व्हता. खाली धरायची, लय खाली. बायका नाकं मुरडायच्या, हलद हाय का मयत हाय, बोलायच्या. मना चढवून ठेवलेली, तुझा गला चांगला, तू घे. कुशाबाच्या हलदीत तिनं धवला धरायला तोंड उघडलं. मी मागं बसायची तिच्या, तिचं कडवं मागून ओढायचं काम माझं. त्या दिवशी मी तिच्याआधी धरला. वर. मना ठाऊक व्हतं ती कुठं अडकेल. रात्रंदिवस एका घरात, तिच्या श्वासाची वाट मना तोंडपाठ. दुसऱ्या कडव्यापर्यंत आली ती माझ्यासंगती. मग वर जायची जागा आली.

प्रिया: आणि?

रखमा: फाटला नाय तिचा. ती शहानी, तोंडच मिटलं. माझ्याकडं वलून बघितलं. रागानं नाय गो. रागानं बघितलं असतं तर आज सुटले असते. हसली आनि ताटातला नारल उचलून माझ्या ओटीत घातला. वाडा बोलला, सासू असावी तर अशी. बायका बोलल्या, सुंठीवाचून खोकला गेला. त्यानंतर नऊ वर्सं जगली ती. गायली नाय. तुझ्या बापाला झोपवायचं तरी मना हाक मारायची, रखमा, तू गा.

प्रिया: म्हणून मघाशी तुला वाटलं, की मी...

रखमा: म्हनून वाटलं. आवाज फाटला आनि तुझा हात दिसला तारेवर. मनात आलं, आला गो आपला नंबर. घरातूनच आला.

प्रिया: मी कधीच नाही करणार असं.

रखमा: मी पन सासूच्या पाया पडून आले व्हते त्या सकाली.

प्रितेश: आजी... पप्पा हाक मारतायत. काय सांगू?

प्रिया: येतोय म्हणून सांग. आजी, मी पटकन तीन पट्ट्या खाली घेते, दोन मिनिटांत होईल. मग बाहेर जाऊ, सांगू माइकमध्ये गडबड होती. प्रितेश सांगेल.

प्रितेश: सांगतो ना! सगळं माझ्यावर टाका.

रखमा: तीन नको.

प्रिया: तीन पट्ट्यांत तू पोचतेस. रोज पोचतेस.

रखमा: टाचा उचलून पोचते. तुला तार दिसते, टाचा दिसत नाय. तीन हलदी झाल्या, घरी येऊन गरम पान्याच्या गुलन्या करते, मोरीत, नल सोडून. तुला समजू नये म्हनून.

प्रिया: म्हणजे तू पण...

रखमा: मी पन. आता ती बारकी घे आनि चल.

प्रिया: थांब ना, आधी उतरवू दे.

रखमा: इथं नाय. बाहेर.

प्रिया: मांडवात? माइकवर? आजी, तार उतरवताना आवाज कुंई करत खाली येतो. सगळ्यांना ऐकू येईल. सगळ्यांना समजेल तुझ्यासाठी उतरवतेय.

रखमा: समजू दे. काटा गिऱ्हाइकासमोर शून्यावर आनायचा असतो.

प्रिया: आणि अजून खाली घेतल्यावर सैल वाजलं तर? जाड तारा असल्या तरी त्यांनाही मर्यादा आहे. भर्र करेल.

रखमा: माझा पन करतो.

प्रिया: लोक हसले तर?

रखमा: हसू दे. एक बाई हसन्याला भिऊन नऊ वर्सं गप बसली. मी तिला भ्यायला लावलं. माझा पदर नीट कर मागून. प्रितेश, तू पुढं हो.

प्रितेश: आलो, आलो! सरका जरा. काकी, खुर्ची द्या आजीला. माइक चालू आहे हं आजी, जपून बोल.

रखमा: चालूच पायजे. मानसी, डोले पूस. हलद अंगाला लागते, काजल गालाला लावून बसलीस. ... शांता, उभी कशाला? बस इथं, माझ्या मागं. आज मागून ओढायचं काम तुझं. पन एक सांगते, माझ्या पट्टीत ओढायचं. तुला वर जाता येतं ते वाड्याला माहीत हाय. आज जाऊ नको. ... बोल ना. हो बोल माइकवर. ... हां. आयका सगले. मघाशी माझा आवाज फाटला, त्यात माइकची गडबड नव्हती. गल्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून माझा आवाज खाली उतरलाय. नातीनं माझ्यासाठी दीड वर्स तारा उतरवून ठेवल्या, मना न सांगता. आता सांगून उतरवते. तोवर जरा कल काढा. प्रिया, शेवटची तार.

प्रिया: तू गा आधी. कुठे येतेस ते बघते.

रखमा: आ... ... हां. इथं. आन तार.

प्रिया: एक. ... दोन. ... ही तिसरी, आजी. रोजची.

रखमा: खाली.

प्रिया: चार. सैल व्हायला लागली.

रखमा: आवाज चांगला येतोय. गोल. अजून आन.

प्रिया: पाच.

प्रितेश: पाच पट्ट्या? अरे, ही तर गिटारची शेवटची तार झाली.

रखमा: थांब. परत वाजव. ... परत. ... हीच.

प्रिया: हीच काय?

रखमा: आनंदीबाय इथं धरायची. ... रडू नको माइकसमोर. बाकीच्या तीन पन आन खाली, सावकाश. बसतील लोक.

प्रिया: झाल्या. आजी, तू माझ्यावर रागावलीस ना?

रखमा: हाय राग. घरी गेल्यावर करेन. आनि आयक, उद्या सकाली उठल्या उठल्या मना तार वाजवून दाखवू नको.

प्रिया: मग?

रखमा: आधी मी गाईन. मग तू तार लाव.